डिझेल नेमकं कुठे अडतं?

२६ जून २०२५ च्या रात्री रतलामजवळच्या डोसीगावात एकामागून एक १९ गाड्या बंद पडल्या. गाड्या साध्यासुध्या नव्हत्या, मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रतलामला उद्योगपतींचं संमेलन होतं. त्यासाठी या गाड्यांनी पंपावर डिझेल भरलं आणि थोडं अंतर जाताच त्या थांबल्या. ढकलत ढकलत कडेला घ्याव्या लागल्या. टाक्या उतरवून पाहिल्या तर डिझेलबरोबर पाणी निघालं, तेही जवळजवळ निम्मं, असं वर्तमानपत्रांनी छापलं. पंपाला सील लागलं. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत झिरपलं असं कारण पुढे आलं आणि रातोरात इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागवल्या गेल्या.

या प्रकरणात मिस्त्रीचं डोकं फारसं खर्ची पडलं नसणार. १९ गाड्या, एकच पंप, एकच रात्र; दोष कुठे आहे हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. खरी अडचण येते ती गाडी एकटी असते तेव्हा. इंदूरच्या सुदामा नगरातून पहाटे चोइथराम मंडीकडे निघालेली एखादी पिकअप अन्नपूर्णा रोडवर गचके खाऊन थांबली, की भोवती जमलेले चार जण चार रोग सांगतात. एकाला बॅटरी वाटते, दुसऱ्याला पंप गेलेला दिसतो, तिसरा थेट इंजेक्टर उतरवायला सांगतो. आणि अनुभव असा, की सगळ्यात महागडा रोग सांगणाऱ्याचंच लोक ऐकतात. मंडी चुकते, मालाचा भाव पडतो, आणि संध्याकाळी कळतं की फिल्टर बदलताना रबराची रिंग नीट बसली नव्हती.

असं होऊ नये म्हणून एकच शिस्त पुरते. डिझेल ज्या वाटेनं इंजिनापर्यंत जातं, त्याच वाटेनं आणि त्याच क्रमानं तपासत जायचं. टाकीच्या तळाशी जाळी लावलेली नळी, तिथून चेसीच्या कडेनं पुढे येणारा पाईप, फीड पंप, फिल्टर आणि त्याखालचा पाणी साचण्याचा कप, मग हाय प्रेशर पंप, तिथून इंजेक्टर, आणि उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी रिटर्न लाईन. (फीड पंप काही गाड्यांत फिल्टरच्या आधी असतो, काहींत हाय प्रेशर पंपाच्या पोटातच.) गंमत अशी की या वाटेवर जसजसं पुढे जावं तसतशी वस्तूंची किंमत चढत जाते. टाकीचं झाकण आणि रबरी पाईप किरकोळ पैशांत येतात, फिल्टर शेकड्यात, पंप आणि इंजेक्टर हजारांत. बिघाड मात्र बहुतेक वेळा स्वस्त टोकालाच असतात. मागून पुढे येणारा म्हणून क्वचितच फसतो.

पुढच्या टोकाला नेमकं काय चालतं तेही माहीत हवं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या क्षणी आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. दाबलेल्या हवेच्या विरोधात फवारायचं म्हणजे डिझेलचा दाब त्याहून कितीतरी जास्त हवा. खुद्द रुडॉल्फ डिझेलला हे नीट साधलं नव्हतं. १८९७ साली आउग्सबुर्गला चाललेल्या त्याच्या इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या झोतानं आत ढकलावं लागे, आणि त्यासाठीचा कॉम्प्रेसर एवढा मोठा असे की ते इंजिन मोटारीत बसणं शक्यच नव्हतं. १९२२ मध्ये रॉबर्ट बॉशनं डिझेलसाठी छोटा फवारणी पंप बनवायला घेतला, १९२७ मध्ये तो कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागला आणि मगच डिझेल ट्रक खऱ्या अर्थानं रस्त्यावर आला. त्याच कंपनीची भारतातली शाखा म्हणजे मायको. नाशिकच्या सातपूरला तिचे इंजेक्टर आणि नोझल बनत आले आहेत. कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, तरी नाशिककर शहरातल्या एका चौकाला मायको सर्कलच म्हणतात.

जुन्या पद्धतीच्या गाडीत, म्हणजे २००५ साली आलेल्या ७०२ सीसीच्या छोट्या हत्तीसारख्या गाडीत, नोझल साधारण दीडदोनशे बारच्या आसपास उघडतं. आजच्या कॉमन रेल पिकअपमध्ये (रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी) गाडी नुसती उभी राहून चालू असतानाही रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार असतात, आणि माल भरून घाट चढताना तो आकडा सोळाशेपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. पिकअपच्या मागच्या टायरात हवा असते चार-पाच बार. एवढा दाब टिकवायचा तर पंपाच्या आतल्या सरकत्या भागांतली फट दोन-तीन मायक्रॉनच ठेवावी लागते. माणसाचा केस पन्नास-साठ मायक्रॉनचा असतो. या फटीत वेगळं ऑइल नसतं, जे वंगण आहे ते डिझेलच. म्हणून डिझेलमधली हवा, पाणी आणि कचरा हे तिन्ही आधी गाडी अडवतात आणि दुर्लक्ष केलं तर पंप खातात.

यातली हवा सगळ्यात फसवी, म्हणून तिच्यावर थोडं रेंगाळतो. पाईप गळत असेल तर डिझेल ठिबकायला हवं, अशी आपली साधी समजूत. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाईपात दाब नसतोच, ओढ असते. तिथे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली पुठ्ठा ठेवून पाहिलं तर तो कोरडा. विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की रात्रीतून नळीतलं पाणी विहिरीत उतरतं, आणि सकाळी पंप नुसता फिरतो, पाणी उचलत नाही. पिकअपचं अगदी तेच होतं. रात्रभर उभ्या गाडीच्या पाईपातलं डिझेल हळूहळू टाकीकडे सरकतं आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी सेल्फ कितीही मारला तरी पंपाच्या वाट्याला हवाच येते. हवा दाबली की नुसती आकसते, नोझल उघडेल इतका दाब ती होऊच देत नाही. यालाच गॅरेजवाले ‘गाडी एअर घेते’ म्हणतात.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या असतात. नवा फिल्टर बसवताना दुमडलेली किंवा जुनीच ठेवलेली रिंग, बंजो बोल्टखालचे दुसऱ्यांदा वापरलेले तांब्याचे वॉशर, क्लिपखाली चिरलेला रबरी पाईप, चेसीला घासून भोक पडलेली नळी, डिझेल चढवायच्या हातपंपाचा सैल झालेला व्हॉल्व्ह. उंदीरही धरायला हवा; मंडीत धान्य आणि भाजी वाहणाऱ्या गाडीत तो हमखास मुक्कामाला असतो. फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला असेल तर शोध फिल्टरपासूनच सुरू करावा. गाडी आधी ठीक होती आणि हात लागल्यावर बिघडली, तर दोष हात लागला तिथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

खात्री करायला तीन उपाय आहेत आणि तिन्ही स्वस्त. पहिला, पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी बसवायची आणि गाडी चालू ठेवून पाहायचं. सुरुवातीला चार बुडबुडे गेले तर चालतं, सतत माळ दिसली तर हवा येते आहे. दुसरा, रात्री गाडी तोंड उताराकडे करून लावायची. तोंड चढाकडे असताना सकाळी त्रास आणि उताराकडे असताना नाही, असं झालं तर निदान जवळजवळ झालंच. तिसरा उपाय सर्वांत निर्णायक. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये चांगलं डिझेल घ्यायचं, टाकीचा पाईप सोडवून पंपाला थेट त्या कॅनमधून डिझेल द्यायचं (नळीत छोटा फिल्टर ठेवून) आणि गाडी चालवून पाहायची. त्रास गेला तर पंप आणि इंजेक्टर निर्दोष सुटले, दोषी मागेच आहे. हजारोंचा खर्च वाचवणारी ही चाचणी फार थोडी गॅरेजं आपणहून करतात, म्हणून गाडीमालकानं ती मागून घ्यावी. एक अपवाद: काही नव्या गाड्यांत टाकीच्या आतच विजेचा पंप असतो. तिथे पाईपात दाब असतो, म्हणून गळती बाहेर दिसते आणि चावी फिरवल्यावर टाकीकडून काही सेकंद गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले.

पाण्याचा शोध त्यामानानं सोपा. डिझेल पाण्याहून हलकं असल्यानं पाणी तळाशी बसतं. फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पहिलं पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावं आणि अर्धा तास हलवू नये. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. डिझेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळून गेलेलं आहे. दोहोंच्या मध्ये तपकिरी-काळी बुळबुळीत साय दिसली तर प्रकरण जुनं आहे, कारण पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढतात आणि तीच साय फिल्टर बुजवते. पाणी येतं कुठून? एकदम आलं तर पंपावरून, विशेषतः मुसळधार पावसानंतर. हळूहळू आलं तर आपल्याच टाकीतून: अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंड हवेत उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ भिंतींवर जमते. टाकी सकाळऐवजी संध्याकाळी भरण्याची काही चालकांची सवय म्हणूनच शहाणपणाची. शेतावर पिंपात साठवलेलं डिझेल घालणाऱ्यांनी तर बाटलीची चाचणी नेमानं करावी. त्या पिंपात आणखी एक गोम असते. आपल्या मानकाप्रमाणे उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंत थंड झाल्यावर फिल्टर बुजवू लागलं तरी चालतं, हिवाळी डिझेलला ही मर्यादा ६ अंशांची आहे. ऑक्टोबरात भरलेलं पिंप माळव्यातल्या जानेवारीच्या पहाटे उघडलं तर गाडी का अडते, याचं उत्तर या दोन आकड्यांत असू शकतं.

पंपावर ग्राहकाला घनता तपासून मागता येते. १५ अंशांना हिशेबून काढलेली घनता त्या दिवशी नोंदलेल्या आकड्याहून घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त हलता कामा नये. घाईत हे कोणी करत नाही, पण डिझेल भरल्यावर पाचदहा किलोमीटरच्या आत गाडी गचके देऊ लागली तर पावती जपून ठेवावी आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. प्रत्येक फेऱ्यात वंगण नसलेला पंप स्वतःला घासत असतो. शिवाय आजचं डिझेल मुळातच कोरडं. बीएस-३ च्या काळात त्यात दहा लाखांत ३५० भाग गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये फक्त १०. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही जातो, तो रिफायनरीत द्रव्य मिसळून परत आणावा लागतो. अशा डिझेलमध्ये केरोसीन ओतून खर्च वाचवणारे अजून भेटतात. त्यांनी पंप दुरुस्तीचं बिल त्या हिशेबात धरलेलं नसतं.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. रिकामी गाडी पळते, पण माल भरून खंडवा रोडच्या भेरूघाटाला लागली की दम टाकते, तर बुजलेला फिल्टर आधी पाहावा. कमी मागणी तो भागवतो, जास्त भागवू शकत नाही. वीसपंचवीस किलोमीटर जाऊन बंद पडते आणि दहा मिनिटं उभी राहिली की आपोआप चालू होते, तर टाकीत पाहावं. आतली जाळी एखादी चिंधी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा ओढून घेते, गाडी थांबली की तो खाली पडतो. हाच खेळ टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजल्यानंही होतो. गाडी अडल्याबरोबर झाकण उघडायचं. सुस्स आवाज करून हवा आत गेली तर दोष मिळाला, तोही फुकटात.

यावरून ध्यानात येईल की मिस्त्रीला सांगण्यासारखी सर्वांत मोलाची माहिती म्हणजे गाडी केव्हा अडते ही. सकाळी, रात्रभर उभी राहिल्यावर अडते आणि एकदा चालू झाली की दिवसभर बरी, तर हवेचा संशय घ्यावा (थंडीत ग्लो प्लगचाही). याच्या नेमकं उलट, सकाळी झटक्यात चालू होते पण गरम असताना चहाला थांबवली की पुन्हा चालू होत नाही, तर झिजलेल्या पंपाचा किंवा इंजेक्टरचा. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून निसटतं आणि सेल्फच्या वेगाला पुरेसा दाबच तयार होत नाही. थंड झाल्यावर तेच डिझेल घट्ट होऊन फट भरून काढतं. दुसरी खूण सायलेन्सरची. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. डिझेलचा वास असलेला पांढरा धूर येतो, तर पोचतंय पण पेटत नाही. मग फिल्टर आणि पाईप उलगडत बसण्यात अर्थ नाही.

इथवरचं जुन्या-नव्या दोन्ही गाड्यांना लागू. इथून पुढे मात्र वाटा फुटतात आणि जुनी सवय जिवावर बेतू शकते. छोट्या हत्तीवर हात बसलेला मिस्त्री एअर काढायला इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करतो आणि इंजिन मिसिंग करत असेल तर चालू इंजिनावर एकेक नट उघडून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधतो. त्या गाडीवर हे चालून गेलं. कॉमन रेलवर हे कधीही करू नये, आणि कोणी करत असेल तर त्याला थांबवावं. हजार-सोळाशे बारचा झोत डोळ्यांना धड दिसतही नाही, तो कातडीतून थेट आत घुसतो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण राहते आणि आत डिझेल स्नायूंत पसरत जातं. सुरुवातीला फारसं दुखतही नाही. अशा जखमेला काही तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते, नाहीतर बोट किंवा हात गमवावा लागतो. दवाखान्यात ‘डिझेलचा झोत आत गेलाय’ असं स्पष्ट सांगावं लागतं, कारण जखम पाहून नुसती मलमपट्टी होण्याचा धोका मोठा. कॉमन रेलची एअर हातपंप कडक होईपर्यंत दाबून काढायची आणि सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त धरायचा नाही.

नव्या गाडीला स्कॅनर लावला की लोकांना वाटतं आता यंत्रच सांगेल. पी००८७ हा कोड दिसतो, त्याचा अर्थ रेलमधला दाब हवा तितका नाही, एवढाच. पंप गेला असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. बुजलेला फिल्टर, हवा घेणारा पाईप, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर, रेलचा सेन्सर, यांपैकी कोणीही हा कोड आणू शकतो. कोडपेक्षा स्कॅनरवरचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत: संगणकानं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला. सेल्फ मारताना दाब दोनशे-अडीचशे बारपर्यंत चढला नाही तर बहुतेक गाड्यांचा संगणक इंजेक्टर उघडतच नाही. आणि दाब व्यवस्थित असूनही गाडी पेटत नसेल, आरपीएमचा काटा सेल्फ मारताना जागचा हलत नसेल, तर क्रँक सेन्सर बघावा. डिझेलचा त्यात दोष नाही.

मागचं सगळं निर्दोष ठरल्यावरच इंजेक्टरकडे जावं, आणि तिथेही चारही उतरवायची घाई नको. प्रत्येकाच्या रिटर्नला छोटी बाटली जोडून इंजिन काही मिनिटं चालवायचं. तीन बाटल्या सारख्या भरल्या आणि चौथी भराभर भरली, तर तो एकच आतून गळतो आहे. लॅबमध्ये तपासून तो दुरुस्त किंवा नवा बसवताना तीन गोष्टींवर नजर ठेवावी: खालचा तांब्याचा वॉशर नवा असावा, सीटवरची जुनी काजळी साफ केलेली असावी, आणि इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड स्कॅनरनं गाडीच्या संगणकात भरलेला असावा. कोड भरला नाही तर काही गाड्या चालतात खऱ्या, पण खडखडतात आणि धूर ओकतात. बीएस-६ गाडीत तो धूर पुढे सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर बुजवून नवीनच दुखणं उभं करतो.

एका बाबतीत मात्र काटकसर उपयोगाची नाही. फिल्टरच्या तळाशी किंवा मीटरिंग व्हॉल्व्ह काढल्यावर त्याच्या जाळीत चकचकीत चांदीसारखा कीस दिसला, तर पंप आतून स्वतःला खात आहे. नुसता पंप बदलून गाडी परत केली तर रेलमध्ये आणि पाईपांत राहिलेला कीस इंजेक्टरांत जाऊन बसतो आणि गाडी पुन्हा दारात येते. पंपाबरोबर इंजेक्टर तपासावे लागतात, रेल आणि पाईप स्वच्छ करावे किंवा बदलावे लागतात. शिवाय रिटर्नच्या वाटेनं कीस टाकीतही पोचलेला असतो, त्यामुळे टाकी उतरवून धुवावी लागते. बिलात हे काम सर्वांत किरकोळ रकमेचं असतं आणि गॅरेजात सर्वांत जास्त तेच टाळलं जातं.